सुमनताईंचे पाय

सुमनताई त्रिभुवन यांच्या घरून कुणी चहा न पिता बाहेर पडलं, असं थेरगावात अजून घडलेलं नाही. कुरिअरवाला असो, वीजमीटर बघायला आलेला असो, नाहीतर मजला चुकून भलतीच बेल दाबणारा असो, आत यायचं, बसायचं आणि कप रिकामा करूनच उठायचं. हा सगळा पाहुणचार चालू असताना बाई स्वतः उभ्या. 'तुम्ही पण बसा ना' असं म्हणून बघा हवं तर. त्या गोड हसतील आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा तुमच्या पुढ्यात सरकवतील.

डांगे चौकाजवळच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये त्यांनी मावशी म्हणून उभी हयात काढली. रोग्यांना भांडं द्यायचं, अंग पुसायचं, बायकांच्या वेण्या घालायच्या, असलं काम. किळस म्हणून कशाची नाही. एखादा म्हातारा अंग पुसून घेताना लाजेनं आक्रसला, की सुमनताई भाजीच्या भावावर घसरायच्या. 'ऐकलंत का दादा, गवार कुठं पोचली?' गवारीवरून मेथीवर, मेथीवरून भाजीवाल्याच्या लबाडीवर. तोवर पाय पुसून झालेले असायचे आणि म्हातारा भाजीवाल्याला शिव्या घालण्यात रमलेला असायचा. ही युक्ती त्या घरी जेवताना रंगवून सांगत, आणि ऐकणारे हसत.

एवढं करणाऱ्या या बाईनं स्वतःसाठी मात्र कधी कुणाकडून पेलाभर पाणी घेतलं नाही. दौलतराव, त्यांचा नवरा, भोसरीला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होता. मोठा गमत्या माणूस. तो म्हणायचा, 'सुमन, मी या घरात राहतो का लॉजवर उतरलोय? एकदा तरी मला चहा करू दे की.' पण त्यानं गॅसपाशी जायचं आणि हिनं त्याच्या हातातून पातेलं काढून घ्यायचं, हे तो जाईपर्यंत चाललं. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

याचं मूळ कुठं होतं ते सुमनताईंनाच माहीत होतं, आणि त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या श्रीरामपूरकडच्या. आई लवकर गेली म्हणून बापानं मिशनच्या बोर्डिंगात ठेवलेल्या. सिस्टर मायेच्या होत्या, खायला पोटभर होतं, तक्रार करायला जागा नाही. पण नाताळच्या आधी देणगीदार पाहुणे यायचे, आणि मुलींनी ओळीनं उभं राहून, आभाराचं गाणं म्हणून, एकेक कपडा घ्यायचा असायचा. एका वर्षी एका बाईनं सुमनच्या अंगाला फ्रॉक लावून पाहिला, तिची हनुवटी बोटानं वर उचलली आणि शेजारणीला म्हणाली, 'बघा, कशी माणसात आली.' फ्रॉक सुंदर होता. सुमननं तो फाटेपर्यंत वापरला. पण त्या दिवशी त्या पोरीनं मनाशी पक्कं केलं, की मोठी झाले की मी देणाऱ्यांच्या बाजूला उभी राहणार. या रांगेत पुन्हा नाही.

आणि त्या राहिल्या की. चर्चमध्ये सुमनताईंचं नाव निघालं की लोक म्हणत, शुभवर्तमान वाचायचं कशाला, या बाईकडं बघा. सुमनताई 'काहीतरीच काय' म्हणत, पण त्यांना ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

मग घरात तेजस्विनी आली. प्रीतम, त्यांचा एकुलता मुलगा, चाकणच्या एका कंपनीत शिफ्टवर जातो. त्याचं हिच्यावर मन बसलं. ती रावेतच्या जुन्या शेतकरी घरातली, मालोजींची थोरली लेक, ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट. हिंदू पोरगी ख्रिस्ती घरात, म्हणून दोन्हीकडं काही दिवस तोंडं वाकडी झाली. मग मालोजी सुमनताईंच्या घरी भांडायला म्हणून आले, दोन कप चहा पिऊन आणि चार लाडू खाऊन गेले, आणि लग्न ठरलं.

लग्नाच्या दिवशी उंबरा ओलांडून आत आल्यावर तेजस्विनी रीतीप्रमाणे सासूच्या पायांवर वाकली. सुमनताईंनी चटकन पाय मागे घेतले. 'अगं अगं, आमच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत, बाळा. गुडघे टेकायचे ते फक्त देवापुढं.' किती मायेनं म्हणाल्या! कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. तेजस्विनी क्षणभर तशीच वाकून राहिली, आणि मग पैंजण नीट करायलाच वाकल्यासारखं करून उभी राहिली.

त्यानंतर तिला त्या घरात काय कमी होतं? सकाळी चहा अंथरुणाशी. डबा भरून तयार. तिनं झाडू हातात घेतला की 'राहू दे गं, दमून आलीस', भांड्याला हात लावला की 'राहू दे गं, नेलपॉलिश जाईल'. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणायच्या, अशी सासू मिळायला नशीब लागतं. बाहेर कुणी भेटलं की सुमनताई ओळख करून द्यायच्या, 'ही आमच्या प्रीतमची मिसेस.' तेजस्विनी हसून नमस्कार करायची. चार वर्षांत ते हसू हळूहळू लहान होत गेलं, हे सुमनताईंना दिसलं नाही. त्या चहा गाळत होत्या.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका संध्याकाळी प्रीतम म्हणाला, 'आई, चाकणजवळ एक फ्लॅट मिळतोय भाड्यानं. जाण्यायेण्यात जीव जातो. आम्ही दोघं तिकडं राहावं म्हणतोय. ईस्टरच्या आधी बघून येतो.'

तेजस्विनीचं कॉलेज तर ताथवड्याला. चाकणला गेली तर तिचंच जाणंयेणं दुप्पट होणार, हे कळायला हिशेब लागत नव्हता. म्हणजे रस्त्याचं नुसतं निमित्त होतं. पण सुमनताईंनी विचारलं का? नाही. 'बरं की,' म्हणाल्या, आणि त्याच पावली स्वयंपाकघरात जाऊन दोघांना न्यायला स्टीलची भांडी काढू लागल्या. चांगली चांगली भांडी बाजूला काढली, राखेनं घासून लख्ख केली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते राख गेली असेल म्हणून पदरानं पुसलं. देण्याखेरीज दुसरं काही करायचं त्यांना येतच नव्हतं.

दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या अंबुबाईंना बरं नाही म्हणून खिचडीचा डबा घेऊन जाताना त्या जिन्यात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, कंबर ठेचली. हात प्लॅस्टरमध्ये, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद, वाकायचं नाही.

बाई आता तरी ऐकतील? छे! डाव्या हातानं गाऊन चढवायच्या, डाव्या हातानं चहा ढवळायच्या. वेणी घालता येईना तेव्हा डोक्याला रुमाल बांधला. तेजस्विनी कंगवा घेऊन मागे उभी राहिली, की 'राहू दे गं, तुला उशीर होईल.' कंगवा पुन्हा कपाटावर. रुमालाखाली केसांची पार जट झाली.

पवित्र आठवड्याच्या आधीची समूहाची बैठक नेमकी त्यांच्याच घरी होती. इथल्या वस्तीतल्या ख्रिस्ती घरांची ही रीत आहे: दर आठवड्याला एकाच्या घरी जमायचं, चर्चमध्ये पुढं येणारा बायबलातला उतारा वाचायचा, प्रत्येकानं मनाला लागलेलं वाक्य सांगायचं आणि 'या आठवड्यात मी काय करणार' तेही सगळ्यांदेखत बोलायचं. बोलून मोकळं होता येत नाही, कारण पुढच्या खेपेला अण्णासाहेब विचारतात. अण्णासाहेब समूहाचे प्रमुख, कारखान्यात फोरमन होते. वाचन असं करतात, की येशू शिष्यांना मशीन चालू करण्याआधीच्या सूचना देतोय असं वाटावं.

वाचन होतं योहानाच्या शुभवर्तमानातलं, येशू शिष्यांचे पाय धुतो ते. जेवणावरून उठून त्यानं कंबरेला रुमाल गुंडाळला, घंगाळात पाणी घेतलं आणि एकेकापुढे बसला. पेत्र नावाच्या शिष्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. तेव्हा येशूनं त्याला स्पष्ट सांगितलं, धुऊ दिले नाहीस तर माझ्यात तुझा वाटा नाही.

एकेक जण बोलला. सुमनताईंचं ठरलेलं होतं, दरवर्षीचंच. 'प्रभूनं सेवा शिकवली. या आठवड्यात मी कुणाचे तरी पाय धुणार. कुणाची तरी सेवा करणार.'

'एका हातानं?' कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. सुमनताईही हसल्या.

तेवढ्यात तेजस्विनी चहाचा ट्रे घेऊन आली. सासूचा हात मोडलेला, म्हणून त्या घरात पहिल्यांदाच पाहुण्यांसाठी तिनं चहा केला होता. एरवी ती बैठकीच्या वेळी आतच असायची. अण्णासाहेब सहज म्हणाले, 'सूनबाई, तुम्हीही ऐकलंत ना आतून? सांगा, काय वाटलं?'

ती आधी 'माझं काय' म्हणाली. मग ट्रे खाली ठेवून म्हणाली, 'मला त्या पेत्राचा राग आला.'

'का बरं?'

'येशू एवढा खाली बसलाय, पाणी घेऊन, आन् ह्यो पाय मागं घेतो. सगळे म्हणत असतील, काय नम्र माणूस हाय. पर जो पाणी घेऊन बसलाय त्याला काय वाटलं आसंल, ते कुणी इचारत न्हाई.' तिनं ट्रेमधला एक कप सरळ केला. 'पाय मागं घेतले की समोरच्याचे हात तसेच राहत्यात हो, रिकामे.'

अण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला. सुमनताई म्हणाल्या, 'घ्या घ्या, चहा गार होतोय.'

त्यांना राग आला होता. चारचौघांत बोलली! काय कमी केलं हिला? पाहुणीसारखी ठेवली, आणि... तिथं त्या मनातल्या मनात अडखळल्या. पाहुणीसारखी. दौलतरावाचं लॉज आठवलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना त्यांनी डाव्या हातानं बायबल उघडून तोच उतारा पुन्हा वाचला. इतकी वर्षं हा उतारा वाचताना त्यांनी स्वतःला कायम एकाच जागी पाहिलं होतं: येशूच्या शेजारी, कंबरेला रुमाल बांधून. मिशनच्या त्या पोरीला किती बरं वाटायचं तिथं! पण त्या खोलीत वाकलेला एकटा तोच होता. बाकी सगळ्यांना त्यानं काय सांगितलं होतं? फक्त बसा, आणि पाय पुढं करा. तेवढं एकच त्यांनी कधी केलं नव्हतं. पेत्र नम्र होता म्हणून नाही म्हणाला, असं त्या समजत आल्या होत्या. आता वाटलं, त्यालाही कुणीतरी कधीतरी हनुवटी धरून फ्रॉक दिला असेल.

पण उमगलं म्हणून माणूस लगेच बदलतो थोडाच. तेजस्विनी कॉलेजातून आली, कंगव्याकडं तिनं पाहिलं, आणि सुमनताईंच्या तोंडून निघालंच, 'राहू दे गं.'

पवित्र गुरुवार आला, येशूच्या शेवटच्या भोजनाचा दिवस. संध्याकाळच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादर बारा शिष्यांच्या आठवणीनं बारा जणांचे पाय धुतात, आणि यंदा त्या बारांत त्यांनी सुमनताईंचं नाव घातलं होतं. आता या बारा जणांची गंमत सांगायला हवी. चर्चमध्ये पाय धुवून घ्यायचे म्हणून सगळे घरून पाय घासूनपुसून येतात. नखं कापतात, टाचा खरवडतात, कुणी क्रीमसुद्धा लावतं. फादरांपुढे मळके पाय कसे करायचे? फादर दरवर्षी चिडवतात, 'तुमचे पाय माझ्या हातांपेक्षा स्वच्छ, मी धुऊ काय?' तरी दरवर्षी तेच. पेत्राची तऱ्हा अशी बारा जणांत वाटली गेलीये, आणि एकालाही तिचा पत्ता नाही.

सुमनताईंच्या टाचांना भेगा, त्यात पडल्यापासून पाय धड धुतलेले नाहीत. दुपारी त्या न्हाणीघरात गेल्या, आतून कडी लावली, स्टुलावर बसल्या. कंबर वाकेना. डाव्या हातानं तांब्या धरून पायांवर पाणी ओतलं, एका पायानं दुसरा चोळून पाहिला. मळ नुसता ओला झाला. वजरी घ्यायला हात लांबवला तर कळ थेट डोक्यात गेली आणि तांब्या निसटून दाणकन फरशीवर आपटला.

'आई?' तेजस्विनी लवकर घरी आली होती. 'आई, कडी काढा.'

'झालंच माझं.'

'न्हाई झालं. मला ऐकू येतंय.'

'अगं राहू...' त्या थांबल्या. दाराच्या फटीखालून तिची सावली दिसत होती. ती सावली हलत नव्हती. हिला आता परत पाठवलं, तर ही खरंच जाईल, आणि चाकणला गेल्यावर सणावारी येईल, चहा पिईल, लाडू खाईल, हसून नमस्कार करेल. पाहुणे असेच तर येतात. सुमनताईंना एकदम इतकी भीती वाटली, की कंबरेची कळ विसरून त्या उठल्या आणि त्यांनी कडी काढली.

तेजस्विनीनं काही विचारलं नाही. गीझर लावला, बादलीत कोमट पाणी घेतलं, ओढणी खोचली आणि खाली बसली. तिचा हात घोट्याला लागला मात्र, पाय आपसूक मागे सरला. तिनं घोटा धरून ठेवला.

'आता मागं घेऊ नका.'

सुमनताईंनी डोळे मिटून घेतले. लाजेनं अंग चोरलं. आयुष्यात इतक्या माणसांना पुसलं, पण असं बसणं काय असतं ते आज समजत होतं. वजरी टाचेवर फिरू लागली, आणि खालून आवाज आला, 'आई, ऐकलं का, काल गवार काय भाव सांगितली त्यानं? मी म्हणलं, सोन्याची हाय का? तर म्हणतो, ताई, मेथी घ्या...'

सुमनताईंनी डोळे उघडले. आपलीच युक्ती! जेवताना सांगितलेली, हसण्यावारी नेलेली. ही पोरगी चार वर्षं पाहुणीसारखी कोपऱ्यात बसून हे सगळं गोळा करत होती. त्यांना हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. आवरेना.

'दुखलं का?'

'नाही गं.' मग त्या म्हणाल्या, 'मला कुणी काही दिलं, केलं, की मी लहान होते. लहानपणापासून. रांगेत उभी असल्यासारखं वाटतं.'

तेजस्विनी पाय चोळायची थांबली. वर बघून म्हणाली, 'मग मी चार वर्षं लहानच हाय की तुमच्या घरात.'

रागानं नव्हे, साधंच म्हणाली. पण सुमनताईंना जे आजवर कुणी सांगितलं नव्हतं ते त्या एका वाक्यात सांगून गेली. ज्या रांगेत पुन्हा उभं राहायचं नाही म्हणून त्या आयुष्यभर धावल्या, त्याच रांगेत त्यांनी हिला आणून उभं केलं होतं, रोज सकाळी, चहाचा कप हातात देऊन.

'चुकलं माझं,' त्या म्हणाल्या. तेजस्विनीनं मान खाली घालून दुसरा पाय हातात घेतला. या खेपेला तो तिला ओढावा लागला नाही.

संध्याकाळी चर्च भरलं होतं. बारा खुर्च्या वेदीपुढे ओळीनं. सुमनताई शेवटच्या खुर्चीवर, प्रीतम आणि तेजस्विनी मागच्या बाकावर. फादर एकेकापुढे वाकत, पाणी ओतत, रुमालानं टिपत पुढे येत होते. सुमनताईंपुढे आल्यावर त्यांनी पाय हातात घेतला, लख्ख घासलेली टाच पाहिली आणि हळूच नेहमीचं बोलले, 'तुम्हीसुद्धा धुऊनच आलात, सुमनताई?'

'मी नाही धुतले, फादर,' सुमनताई म्हणाल्या. हळू बोलायला गेल्या, पण नर्सिंग होममध्ये बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलून कमावलेला आवाज तो, आणि सगळं चर्च शांत. 'माझ्या सुनेनं धुतले.'

शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. फादरांनी मान हलवली आणि पाणी ओतलं.

मिस्सा संपल्यावर बाहेर अंगणात प्रीतम गाडीची किल्ली शोधत होता. 'तेजू, शनिवारी सकाळी निघू ना? त्या फ्लॅटवाल्याला वेळ दिलीये.'

'शनिवारी न्हाई जमायचं,' तेजस्विनी म्हणाली. 'आईंचे केस धुवायचेत. पार गुंता झालाय.'

'मग रविवारी?'

'रविवारी सण हाय.'

'मग त्याला सांगू काय?'

'सांगा, न्हाई जमायचं म्हणून.'

प्रीतम आईकडं बघू लागला. आता आई 'राहू दे गं' म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं. सुमनताईंच्या ओठांवर ते आलंही होतं. त्यांनी रुमालाखालच्या केसांना डावा हात लावला आणि म्हणाल्या,

'शिकेकाई संपलीये गं घरातली. जाता जाता मला आणून दे.'